उलट्या नदीतलं गाठोडं

१

चादर ओढली आणि संग्रहालयाच्या संचालकांचं भाषण पहिल्याच वाक्यात अडकलं. संध्याकाळच्या समारंभाची तालीम चालली होती. समोर श्रोते म्हणून रिकाम्या खुर्च्या होत्या, त्यामुळे त्यांचा वासलेला आ कुणी पाहिला नाही. भिंतभर पसरलेल्या चित्राच्या खालच्या भागात, होडीच्या बरोबर पोटात, एक भोक होतं. दोन तळहात शेजारी शेजारी ठेवले तर झाकलं जाईल एवढं. त्यातून मागची पांढरी भिंत दिसत होती.

दुपारच्या आत विमा कंपनीची तपासनीस येऊन पोचली. पन्नाशीची, ठेंगणी, चेहरा असा की लोकांना तिला हकिगत जरा जास्तच सविस्तर सांगावीशी वाटे. तिचा सगळा धंदा त्या ‘जरा जास्त’वर चालायचा. जळलेली, भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली इतकी चित्रं तिने पाहिली होती की चित्र म्हणजे चार कोपरे आणि एक नुकसान, असा तिचा हिशोब ठरून गेला होता.

पण या चित्रासमोर ती आली आणि खांद्यावरची पिशवी घसरून कोपरापर्यंत आली तरी तिला कळलं नाही.

चित्रात नदी होती, आणि ती डोंगरावरून खाली येत नव्हती. समुद्रातून निघून जिना चढावा तशी आभाळात चढत होती. झाडांवर मासे बसले होते, अगदी कावळ्यांसारखे, पंख फुगवून. डोंगर म्हणजे एकमेकांवर डोकं ठेवून झोपलेली जनावरं होती. वरच्या कड्यावर एक बाई उभी होती आणि तिच्या मोकळ्या केसांचेच ओढे होऊन नदीला मिळत होते. खाली होडीत एक म्हातारी होती, तिच्या अंबाड्यात खोचलेला दिवा जळत होता. काठावर एक बोकड, त्याच्या पाठीत चक्क विहीर. त्याच्या शेजारी एक दगडी पूल गुडघे टेकून बसला होता. ढगाला टांगलेल्या स्वयंपाकघरातून दोरीने एक पळी खाली सोडलेली होती, आणि चंद्राला मधोमध एक बटण होतं, दिव्याचं असतं तसं.

“घाबरू नका,” संचालक म्हणाले. “पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. हे अतिवास्तव आहे, मॅडम. याचा अर्थ लावायचा नसतो, तो आपोआप लागतो.”

“तुम्हाला लागला?”

“मी त्यावर काल रात्रीतच पुस्तिका लिहिली. सकाळी छापूनसुद्धा आली.” त्यांनी एक प्रत पुढे केली. त्यात पूल म्हणजे शरणागत संस्कृती होती आणि बोकड म्हणजे दडपलेली वासना.

“भोकाच्या जागी काय होतं?”

“गाठोडं. होडीत ठेवलेलं एक गोल गाठोडं. मानवजातीचं ओझं.”

“फोटो?”

“आज सकाळी फोटोवाला यायचा होता. घरी असताना चित्रकार कुणाला बघू देत नाहीत, बायकोलासुद्धा नाही. काल दुपारी इथे टांगलं तेव्हाच ते उघडं झालं. मी होतो, चित्रकार, त्यांच्या सौभाग्यवती आणि फ्रेमवाला. मी चित्रकारांना चहाला वर घेऊन गेलो. खाली आलो तर चित्रावर चादर पडली होती. मग दालनाला कुलूप लागलं आणि किल्ली फ्रेमवाल्याकडेच राहिली.” संचालकांनी आवाज खाली आणला. “खरं तर तो वहिनींचा सख्खा भाऊ. सगळे त्याला मामा म्हणतात. वाईट वाटतं, पण दुसरं कोण? समारंभाआधी उलगडा झाला नाही तर मी त्याचं नाव पोलिसांत देणार.”

“दिलंत तर?”

“उद्यापासून त्याच्याकडून भिंतीला खिळासुद्धा कुणी ठोकून घेणार नाही. पण माझं तरी काय चुकतंय? चित्रकारांचे डोळे गेल्यात जमा आहेत. नजरेच्या मध्यावर डाग आलाय. एवढा लहान तुकडा त्यांना आता पुन्हा रंगवता येणार नाही. हे त्यांचं शेवटचं चित्र.”

तपासनीसने खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि भोकाच्या कडेशी नाक नेलं. फ्रेमवाला कापतो तेव्हा पट्टी लावून पात्याने कापतो; कड सरळ येते. ही कड बारीक बारीक पायऱ्यांची होती. कातरीची. आणि एका ठिकाणी कातर वळली होती. होडीवाल्या म्हातारीचा हात तिथे त्या गाठोड्यावर टेकलेला असणार. प्रत्येक बोटाला वळसा घालून, नखालाही धक्का न लावता, कापणाऱ्याने तो हात मागे ठेवला होता.

नासधूस करणारा माणूस असा वळसा घालत नाही.

२

मामा मागच्या खोलीत आपल्या टेबलाशी बसला होता. टेबलावर खिळे, फ्रेमच्या पट्ट्या, चित्रांत घालायच्या मेणकागदाची गुंडाळी. माणूस आडदांड, पण हात मांडीत घेऊन शाळेतल्या मुलासारखा बसलेला.

“चादर कुणी टाकली?” तपासनीसने विचारलं.

“मीच टाकली.”

“कशी टाकली?”

“कशी म्हणजे? टाकतात तशी. वरून सोडायची आणि मागं गाठ मारायची.”

“संचालक म्हणतात, सकाळी चादर निघेना. खालची दोन्ही टोकं घडी घालून फ्रेमच्या मागे खोचलेली होती. गादीवर खोचतात तशी.”

मेणकागदाच्या गुंडाळीची सुटलेली कड मामाने अंगठ्याने नीट बसवली.

“तुमच्यावर बालंट येतंय, मामा.”

“येऊ दे की,” तो म्हणाला. “पाठ मोठी आहे माझी.”

तपासनीस दालनात परत आली तेव्हा चित्रासमोर एक उंच बाई हाताची घडी घालून उभी होती. ती लेखिका होती; तिच्याच कादंबरीवरून चित्र काढलं होतं. कादंबरीचं नाव ‘उलट्या नदीचा देश’. तीन जाडजूड भाग आणि वाचणारे इतके, की संध्याकाळच्या खुर्च्या तिच्याच नावावर भरणार होत्या.

“मला संशयितांत धरा,” ती तपासनीसला म्हणाली. “काल संध्याकाळी मी आले होते. पहारेकऱ्याने सांगितलंच असेल. दार बंद होतं म्हणून परत गेले. आज पाहिलं आणि वाटलं, काल उघडं असतं तर मीच कातर चालवली असती.”

“एवढा राग?”

“यांनी माझं पुस्तक वाचलेलंच नाही, बाई. संचालकांना म्हटलं तर ते म्हणतात, हे कलावंताचं स्वातंत्र्य. स्वातंत्र्य घ्यायला आधी वाचावं तरी लागतं ना?”

तपासनीसला आयुष्यभराची एक सवय होती. घर जळालं की मालकाने घरात काय होतं म्हणून सांगितलं ते एका बाजूला, आणि राखेत काय सापडलं ते दुसऱ्या बाजूला. मग दोन्हींत जे जुळत नाही तेवढंच बघत बसायचं.

“असं करू या,” ती म्हणाली. “तुमचं काय काय आहे ते बोट दाखवून सांगा. उरलेलं माझं.”

लेखिकेला गंमत वाटली असावी. “नदी माझी. मासे माझे. झोपलेला डोंगर माझा, आणि तो मी लिहिला त्यापेक्षा चांगला काढलाय, हे कुणाला सांगू नका. कड्यावरची बाई माझी नायिका. ती नकाशे काढते, उलट्या नदीचा उगम शोधायला निघते. ही होडीसुद्धा तिचीच. पण होडीत ही दिवेवाली म्हातारी कोण? मी हिला ओळखत नाही. हा बोकड माझा नाही. हा पूल, ते स्वयंपाकघर, चंद्राचं बटण, यातलं एकही अक्षर माझं नाही.”

तपासनीस त्या परक्या मंडळींकडे बघत राहिली. दिवा. पाणी भरलेला बोकड. ढगातून खाली सोडलेली पळी. गुडघे टेकलेला पूल. पूल गुडघे कधी टेकतो? वर चढणाऱ्याचे पाय आखूड असतील तेव्हा. आणि चंद्राला बटण कशाला लागतं? कुणाला तरी अंधारात झोप येत नसेल, किंवा उजेडात येत नसेल, म्हणून.

मग तिला आणखी एक दिसलं. म्हातारी, बोकड, पूल, पळीची वाटी, अगदी माशांचे सुद्धा डोळे, सगळे एकाच जागी लागले होते. भोकावर.

“बाई,” तिने हळूच विचारलं, “तुमच्या कादंबरीत एखादं लहान मूल आहे?”

“होतं,” लेखिका म्हणाली. “नायिकेचा मुलगा. तिसऱ्या प्रकरणात होडीतून पडून बुडतो. पुढचं सगळं पुस्तक ती त्याच्याशिवाय चालते.”

३

चित्रकार वरच्या मजल्यावर संचालकांच्या खोलीत बसले होते. समोरच्याशी बोलताना ते मान वळवून त्याच्या कानाकडे बघत. नजरेच्या कडेनेच काय ते दिसत होतं. त्यांच्या शेजारी त्यांची बायको होती. मांडीवर कादंबरीचा पहिला भाग, लेखिकेची सही घ्यायला आणलेला, आणि त्यावर दोन्ही हात.

“वहिनी, तुम्ही जरा मामांकडे जाता का?” तपासनीस म्हणाली. “चहा घेतलेला नाही त्यांनी.”

वहिनी उठल्या. पुस्तक घेऊन गेल्या.

“पोर सापडलं का?” दार लागायच्या आतच चित्रकारांनी विचारलं.

“कोण पोर?”

“म्हणजे त्या होडीतलं हो. कापून नेलं ते.”

“संचालक म्हणतात, गाठोडं होतं.”

चित्रकार खळखळून हसले. “शहाणाच आहे. झोपलेलं पोर आहे ते. पोटावर. गुडघे पोटाखाली घेतलेले, ढुंगण वर, तोंड कुशीत. वरून पाहिलं तर गाठोडंच. सगळी मुलं नाही झोपत तशी. एखादंच झोपतं.”

ते एकदम थांबले. मग बोट वर करून म्हणाले, “तुम्ही वाचलंय का ते पुस्तक? नाही? मग काय जगलात.”

आणि त्यांनी कादंबरी सांगायला घेतली. मुलगा पाण्यात पडतो, आई हाका मारते, पण नदी तिला वर ओढून नेते. इतक्यात अंबाड्यात दिवा असलेली म्हातारी वल्हं पाण्यात घालते आणि माशासारखं त्याला वर काढते. आई वर त्याला शोधत राहते, पोरगं खालून तिच्या मागे येत राहतं, एक वळण कायम मागे. त्याला तहान लागते तेव्हा बोकड भेटतो. पण बोकड भारी मानी, नाव घेऊन हाक मारल्याशिवाय पाणी देत नाही, आणि नाव तर कुणालाच माहीत नाही. पूल रुसतो. चंद्र विझवायचा कुणी यावर भांडण होतं. सांगता सांगता म्हाताऱ्याचे हात हवेत चालू लागले. तपासनीस एवढ्या वर्षांत साक्षी ऐकून ऐकून निबर झालेली, पण बोकडाचं नाव काय ते विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं.

“हे तुम्ही कधी वाचलंत?” तिने त्याऐवजी विचारलं.

“मी कुठला वाचतोय. माझे हात रंगात. पहिल्यापासून पद्धत ही, की मी काम करायचं आणि हिनं वाचायचं. ही खिडकीशी बसते, माझ्याकडे पाठ करून. उजेड तिकडून येतो ना. आणि पुरं झाल्याशिवाय चित्र कुणी बघायचं नाही हा माझा नियम, तो तिलाही लागू. दुपारी कामाला बसलो की माझा पहिला प्रश्न, ‘काय गं, कुठवर पोचलं ते पोर?’”

“म्हातारी त्याला बाहेर काढते ते कुठलं प्रकरण, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? तिसरं. आई हाका मारतेय तिथं मी कुंचला ठेवला होता. वाटलं, आता नको. उठून जावं.” चित्रकारांची नजर तिच्या कानाजवळून दूर गेली. “हिचाही आवाज थांबला क्षणभर. मग म्हातारीनं वल्हं घातलं.”

४

जिन्यात मामा भेटला. तपासनीस पायरीवरच बसली आणि शेजारची जागा तिने हाताने झटकली.

“तुमच्या ताईंना मूल होतं, मामा?”

मामाने बसायला बराच वेळ घेतला. “एक भाचा होता मला,” तो म्हणाला. “पोहायला शिकवायला भावोजीच घेऊन गेले होते. त्यानंतर त्या घरात त्याचं नाव कुणी काढलेलं नाही. ताई नाही, भावोजी नाही. मीसुद्धा नाही.”

“कसा झोपायचा?”

“ते तुम्हाला कुणी सांगितलं?” मामा म्हणाला.

“काल ताईंनी तुमच्याकडे काय मागितलं?”

“मेणकागद. एवढासा. कशाला ते मी विचारलं नाही. सकाळी कळलं. का केलं ते अजून कळलेलं नाही, पण ताई उगाच काही करत नाही.”

वहिनी मामाच्या टेबलाशी बसल्या होत्या. तपासनीसने दार लोटून घेतलं.

“तुकडा पुस्तकात आहे ना?” ती म्हणाली. “रंग आतून ओला. घडी घातली तर तडकेल, गुंडाळला तर चिकटेल. चित्रकाराच्या घरात राहिलेलं माणूस तो मेणकागदात घालून सपाटच नेणार. आणि सकाळपासून तुम्ही सहीसाठी आणलेलं पुस्तक एकदाही उघडलेलं नाही. लेखिका तुमच्यासमोरून दोनदा गेली.”

वहिनींनी पुस्तक उघडलं. मेणकागदाच्या दोन पानांमध्ये ते पोर झोपलं होतं, गाठोडं होऊन.

“मला त्या दिवसापुरतंच निभवायचं होतं हो,” त्या म्हणाल्या. “वाचता वाचता पुढची ओळ डोळ्यांना आधी दिसते. ते बुडतंय हे दिसलं. मागं यांचा कुंचला थांबलेला ऐकू आला. मी म्हातारी आणली. कुठून आणली देव जाणे. म्हटलं, उद्या कुठंतरी लावून देऊ पोराला, म्हणजे पुन्हा पुस्तकाच्या वाटेला लागता येईल. पण एकदा वाचवलेलं पोर असं सोडता येत नाही. त्याला भूक लागते. ते प्रश्न विचारतं. आणि हे रोज विचारणार, कुठवर पोचलं. पुस्तकात तर त्याचं नावही नाही पुढं. मग कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना मी दुसऱ्या दिवसाचं जुळवायचे. पानं उलटायचे, नाही तर यांना आवाजावरून कळलं असतं.”

“पूर्ण तीन भाग?”

“आई मात्र पुस्तकातलीच ठेवली. तिला हात लावला नाही.” वहिनींनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. “काल चादर निघाली. मी पहिल्यांदा पाहिलं. मी तोंडानं नुसतं बोलले होते, आणि ते सगळं तिथं उभं होतं. अंबाड्यातला दिवासुद्धा. बोकडाचं एक शिंग वाकडं आहे हे मी कधी सांगितलंच नव्हतं, पण ते वाकडंच होतं. मला वाटलं, मी खाली पडते. मग होडीत ते दिसलं. आणि आठवलं, उद्या लेखिका येणार. म्हातारी, पूल, कशालाही लोक चित्रकाराची लहर म्हणतील. पण जिवंत पोर दिसलं की ती विचारणारच यांना, सगळ्यांसमोर, की हे तर बुडालं होतं. यांनी त्याला दुसऱ्यांदा बुडताना बघायचं? माझ्या पिशवीत बटणं लावायची कातर असते. मामा मागच्या खोलीत होता तोवर कापलं आणि चादर मीच खोचली. मामावर येईल हे सुचलंच नाही.”

तपासनीस टेबलावरचा एक खिळा फिरवत राहिली. कापणारा सापडला होता, तुकडा सापडला होता. तिचं काम संपलं होतं. पण सांगायचं कुणी, हा प्रश्न तिच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

“वहिनी, मी अहवालात काय लिहायचं ते माझं मी बघेन,” ती म्हणाली. “पण मामांचं नाव—”

“त्याला काही होऊ द्यायचं नाही,” वहिनी म्हणाल्या आणि पुस्तक घेऊन उठल्या.

दार उघडलं तर बाहेर लेखिका उभी होती. ती ऐकत होती, आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही.

५

दालनात खुर्च्यांना फिती बांधायचं काम चाललं होतं. वहिनींनी फिती बांधणाऱ्यांना बाहेर जायला सांगितलं. चित्रकारांना हाताला धरून चित्रासमोर आणून बसवलं आणि त्या उभ्याच राहिल्या.

“अहो, तुकडा मी कापला. मामानं नाही. पुस्तकात ते पोर वाचत नाही. तिसऱ्या प्रकरणात बुडतं. पुढचं मी रचून सांगितलं.”

संचालकांनी तोंड उघडलं. तपासनीसने त्यांच्या बाहीला धरलं, ते मिटलं.

चित्रकारांनी मान वळवून, नजरेच्या कडेने, चित्राचा एकेक भाग धरायला सुरुवात केली.

“म्हातारी?”

“मी.”

“बोकड? ते त्याचं नाव सापडत नाही ते?”

“मीच.”

“पुलाचं रुसणं?”

“ते तुम्ही त्या आठवड्यात रुसला होता, त्यावरून.”

दाराशी उभ्या मामाला हसू फुटलं आणि ते त्याने खोकल्यात घातलं. चित्रकार हसले नाहीत. लेखिका उभी होती तिकडे त्यांनी अंदाजाने तोंड केलं.

“बाई, खरंच बुडालं?”

तपासनीसने लेखिकेकडे पाहिलं. एक शब्द बदलला असता तरी चाललं असतं. त्या खोलीत सगळ्यांनाच ते चाललं असतं.

“बुडालं,” लेखिका म्हणाली. “मी तिथवरच बघू शकले. तुमच्या घरात त्याच्या पुढचं दिसत होतं.”

मग ती संचालकांना म्हणाली, “पाटीवर माझ्या कादंबरीवरून असं लिहू नका. वहिनींचं नाव लिहा. आणि ती तुमची पुस्तिका उचला खुर्च्यांवरून.”

“छापून झाली आहे हो,” संचालक क्षीण आवाजात म्हणाले. पण त्यांची नजर चित्रावर होती, आणि त्या माणसाने ते चित्र बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. ते निमूटपणे पुस्तिका उचलायला लागले.

वहिनींनी मेणकागद सोडवला आणि तुकडा नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी तो कानाजवळ नेला, कारण तिथूनच त्यांना दिसायचं. लांबून वाटावं, ते त्याचा श्वास ऐकताहेत. जोडणारा कारागीर उद्या येईल, सांधा दिसणार नाही, असं मामा हलक्या आवाजात सांगत होता, पण ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. तपासनीसला वाटलं, आता हा माणूस एकतर उठून जाईल किंवा मोडेल. दोन्हींसाठी ती पाय रोवून उभी राहिली.

“अगं,” चित्रकार म्हणाले.

“हं.”

“आपला मोठा झाला असता ना आता.”

त्या घरात इतक्या वर्षांत न निघालेलं बोलणं ते. वहिनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. दालनातल्या कुणीही त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

“झाला की,” त्या म्हणाल्या. वाचतानाचा, दुपारचा, सरळ आवाज त्यांना सापडला होता. “उंच झालाय. मामाएवढा. दाढी करतो आता, पण हनुवटीखाली कायम थोडी राहून जाते.”

चित्रकारांनी विचार केला.

“होडीत आरसा नसेल,” ते म्हणाले.